फोटोतला डाग आणि एका मिनिटातले श्वास

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १४ महिन्यांचा. सोमवारी सर्दी-खोकला, मंगळवारी ताप. बुधवारी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झबलं वर करून छाती बघितली, घड्याळ लावून श्वास मोजले, "न्यूमोनिया वाटत नाही, फोटोची गरज नाही" म्हणाले आणि तापाचं औषध देऊन घरी पाठवलं. शुक्रवारी ताप उतरेना, श्वास जोरात व्हायला लागला, म्हणून तुम्ही त्याला शहरातल्या हॉस्पिटलात नेलंत. तिथे छातीचा फोटो निघाला, उजव्या बाजूला डाग दिसला, ॲडमिट केलं. आता तो बरा होऊन घरी आलाय, पण घरात सगळे म्हणतायत की बुधवारीच फोटो काढला असता तर ही वेळ आली नसती. तुम्ही विचारताय की चुकलं कोणाचं, आणि महिन्याभराने पुन्हा फोटो काढायला सांगितलाय तो काढायचा का.

मी बाळाला तपासलेलं नाही, त्यामुळे कोणाच्याही बाजूने किंवा विरोधात निकाल देणार नाही. बुधवारी मिनिटाला किती श्वास होते, बाळ दूध पीत होतं का, ऑक्सिजन किती होता, हे मला माहीत नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. पण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जो समज आहे, त्याबद्दल मला नक्की बोलायचंय. तो समज असा, की न्यूमोनिया फोटोत दिसतो आणि डॉक्टरांनी नुसता हाताने आणि डोळ्यांनी तपासून काढलेला निष्कर्ष म्हणजे अंदाज. मी गेली २४ वर्षं साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या अनुभवात हे बरंचसं उलट आहे.

न्यूमोनियात होतं काय ते आधी बघू. फुप्फुसातले बारीक वायुकोश सुजतात, त्यांत पाणी आणि पू साठतो. स्पंज ओला झाल्यावर जड होतो तसं फुप्फुस ताठर होतं. मोठा माणूस अशा वेळी जोर लावून खोल श्वास घेऊ शकतो. लहान बाळाचा बरगड्यांचा पिंजरा अजून मऊ असतो, स्नायू लवकर थकतात. खोल श्वास परवडत नाही म्हणून बाळ उथळ श्वास घेतं, पण जास्त वेळा. श्वास वाढणं हे त्यामुळे सगळ्यात आधी दिसणारं लक्षण. फुप्फुस आणखी ताठरलं की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, जोरात खाली ओढलं जातं आणि मऊ छातीचा खालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत जातो. आमच्याकडच्या आज्या याला "पोट उडतंय" म्हणतात. ओपीडीत कोणी आजी असं म्हणाली की मी हातातलं काम सोडून आधी ते बाळ बघते.

हे आकडे प्रत्येक घराला माहीत असावेत असं मला मनापासून वाटतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. तुमच्या मुलासाठी आकडा ४० चा. मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. बाळ शांत हवं, रडत नको, दूध पीत नको. झोपेत मोजलं तर उत्तम. छाती-पोट उघडं करून एक वर-खाली म्हणजे एक श्वास. ताप चढलेला असेल तर श्वास तसेही वाढतात, म्हणून औषधाने ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं. छाती आत जाते का, हे पण बाळ शांत असतानाच बघायचं. रडताना कुणाचीही छाती ओढली जाते.

हे आकडे कुठून आले तेही सांगते, कारण "नुसते श्वास मोजून काय कळणार" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकला असलेल्या मुलांमध्ये बघितलं की स्टेथोस्कोपपेक्षा श्वासांची संख्या आणि छाती आत ओढली जाणं या दोन गोष्टी न्यूमोनिया ओळखायला जास्त कामाच्या आहेत. त्यांचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांनी सगळ्यांसाठी ५० ची सीमा सुचवली होती. पुढे १९८८ मध्ये वेल्लोरच्या डॉ. चेरियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्षावरच्या मुलांसाठी ५० ही सीमा फार वर आहे, तिथे ४० हवी. जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार सीमा घेतल्या त्या अशा कामांवरून.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडावाटे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. तिथे एक्स-रे नव्हता. कित्येक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, म्हणून एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असं साधन बनवलं, दर दहा श्वासांना एक मणी. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. जिथे हे काम झालं त्या गावांत लहान मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. एकही फोटो न काढता. मी विद्यार्थिनी असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि आजही नव्या सिस्टरला श्वास मोजायला शिकवताना हीच गोष्ट सांगते.

याला मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. श्वास मोजण्याची पद्धत जाळं मोठं टाकते. आजारी मूल सुटू नये म्हणून मुद्दाम तशी ठरवलेली आहे, त्यामुळे न्यूमोनिया नसलेली बरीच मुलंही जाळ्यात येतात. नुसता ताप, रक्त फार कमी असणं, दम्यासारखा त्रास, विषाणूमुळे होणारा ब्राँकिओलायटिस (बारीक श्वासनळ्यांची सूज), या सगळ्यात श्वास वाढतो. म्हणून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज असेल तर मी आधी श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची वाफ किंवा पंप देते, वीस मिनिटांनी पुन्हा श्वास मोजते, लागलं तर परत एकदा. श्वास ५६ वरून ३८ वर आले, छाती ओढणं थांबलं, तर तो बहुधा न्यूमोनिया नव्हता आणि अँटिबायोटिकची गरज नाही. सहा महिन्यांच्या बाळात मात्र ब्राँकिओलायटिस वाफेला दाद देत नाही. तिथे नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं दूध आणि गरज पडली तर ऑक्सिजन, इतकंच करायचं असतं. स्टेथोस्कोपने मदत होते, पण दोन चांगले डॉक्टर एकाच छातीत वेगवेगळं ऐकतात हे मी असंख्य वेळा पाहिलंय. माझा भरवसा जास्त तीन गोष्टींवर आहे: श्वास घ्यायला पडणारे कष्ट, ऑक्सिजनचा आकडा आणि बाळ एकंदर कसं दिसतंय. नाकपुड्या फुलणं आणि प्रत्येक श्वासाला कण्हणं ही कष्टाची खूण. कण्हताना बाळ स्वरयंत्र अर्धवट बंद करून मिटत चाललेले वायुकोश उघडे ठेवायची धडपड करत असतं. असं बाळ मी कधीच घरी पाठवत नाही.

ऑक्सिजनबद्दल एक सूचना. २०२० पासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. ते मोठ्यांच्या बोटासाठी आहे. बाळाच्या बोटावर ते नीट बसत नाही आणि ८८ किंवा ९९ काहीही दाखवतं. दवाखान्यात पायाच्या अंगठ्याला किंवा तळव्याला लावायचा लहान मुलांचा प्रोब असतो. त्यावर ९० च्या खाली म्हणजे ऑक्सिजन लावायलाच हवा. माझ्याकडे ९२ च्या खालीसुद्धा बाळ निरीक्षणाखाली राहतं, कारण रात्री अकरानंतर आमच्या भागात वाड्या-वस्त्यांवरून गाडी मिळत नाही. शहरात, हॉस्पिटलच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबाबाबत दुसरा डॉक्टर वेगळा निर्णय घेईल आणि तोही चुकीचा नसेल.

आता फोटोकडे येते. पहिलं म्हणजे फोटो उशिरा बोलतो. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत वायुकोश सुजायला लागलेले असतात, श्वास वाढलेला असतो, पण फोटो स्वच्छ येऊ शकतो. हे मी पुस्तकापेक्षा एका बाळाकडून शिकले. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी सात महिन्यांची मुलगी आली. श्वास ६४, छाती थोडी आत जात होती. मला न्यूमोनिया वाटत होता. वडिलांच्या आग्रहाने फोटो काढला, तो स्वच्छ आला, आणि मी माझ्या डोळ्यांपेक्षा फोटोवर विश्वास ठेवला. अँटिबायोटिक न देता घरी पाठवलं. पहाटे चार वाजता ती निळसर ओठांनी परत आली. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत उजवा खालचा भाग पूर्ण पांढरा होता. सहा दिवसांनी ती बरी होऊन घरी गेली, पण ती चूक माझी होती आणि मी ती विसरलेले नाही. श्वास ६४ आहेत हे मला माहीत होतं. फोटोने ते खोटं ठरवलं नव्हतं, ते मी ठरवलं होतं.

दुसरं, लहान मुलाचा फोटो वाचणं अवघड असतं. मूल रडतंय, आई धरून आहे, श्वास आत घेतलेला आहे की बाहेर सोडलेला यावर ताबा नाही. श्वास सोडताना निघालेल्या फोटोत निरोगी फुप्फुसही धुरकट दिसतं. अंग थोडं वळलेलं असलं तर एक बाजू काळी, एक पांढरी. शिवाय बाळाच्या छातीत वरच्या बाजूला थायमस ग्रंथी असते. ती फोटोत कधीकधी शिडासारखी त्रिकोणी दिसते आणि "उजवीकडे वर डाग आहे" असा रिपोर्ट होतो. अशा डागासाठी दहा-दहा दिवस इंजेक्शनं घेऊन आलेली हसरी, खेळती बाळं मी पाहिली आहेत. एकच फोटो दोन तज्ज्ञ वेगळा वाचतात, ही इतकी जुनी अडचण आहे की लसींच्या चाचण्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेला २००१ मध्ये फोटो कसा वाचायचा याचे ठरावीक निकष तयार करावे लागले.

तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात पटत नाही. डाग दिसला म्हणजे जिवाणूंचाच न्यूमोनिया असं नाही. सात देशांत झालेल्या 'पर्च' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ॲडमिट करावं लागलेल्या आणि फोटोत न्यूमोनिया दिसलेल्या, एचआयव्ही नसलेल्या मुलांमध्ये सुमारे ६१ टक्के आजारामागे विषाणू होते, आणि त्यातही आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू सगळ्यात पुढे. ज्या डागावरून आपण अँटिबायोटिक ठरवतो, तो डाग कोणामुळे आलाय हे फोटो सांगत नाही. सीआरपीसारखी, अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणीही ते खात्रीने सांगत नाही.

म्हणून साध्या, घरी उपचार करण्याजोग्या न्यूमोनियात सरसकट फोटो काढू नये, असं ब्रिटन आणि अमेरिकेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. श्वास जलद आहे, पण मूल पितंय, ऑक्सिजन चांगला आहे, तर तोंडावाटे अमॉक्सिसिलिन आणि दोन दिवसांनी फेरतपासणी. फोटो स्वच्छ आला तरी मी तेच देणार, डाग आला तरी तेच देणार. मग फोटोने बदललं काय? किरणांची भीती हे माझं कारण नाही. छातीच्या एका फोटोतले किरण निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतात तितकेच असतात. मला काळजी आहे ती चुकीच्या खात्रीची, दोन्ही बाजूंनी.

तरी मी फोटो काढते, आणि काही वेळा तातडीने काढते. बाळ ॲडमिट होण्याइतकं आजारी असेल, ऑक्सिजन कमी असेल, तेव्हा. योग्य औषध सुरू करून ४८ ते ७२ तास झाले आणि ताप हटत नसेल, तेव्हा तर नक्की, कारण छातीत पाणी किंवा पू झालाय का ते बघायचं असतं, आणि मग सोनोग्राफीही. दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप, वजन वाढत नाही, घरात कोणी टीबीचं औषध घेतंय, तेव्हा फुप्फुसाच्या मुळाशी गाठी आहेत का ते बघायला. त्याच जागी पुन्हा न्यूमोनिया झाला, तेव्हा. आणि आवाज एकाच बाजूला कमी येत असेल, तेव्हा.

या शेवटच्या कारणावर थोडं थांबते. दीड वर्षाचा एक मुलगा तीन आठवडे "न्यूमोनिया" म्हणून फिरत होता, दोन अँटिबायोटिक झाली होती. मी आईला विचारलं, खोकला हळूहळू वाढला की एका क्षणी सुरू झाला? ती म्हणाली, "सीताफळ खात होता, अचानक ठसका लागला, डोळे पांढरे केले, मग थांबलं." श्वास सोडताना काढलेल्या फोटोत एक फुप्फुस फुगलेलंच राहिलं होतं, हवा बाहेर पडत नव्हती. दुर्बिणीतून बी निघाली. आमच्याकडे शेंगदाणे, फुटाणे आणि सीताफळाच्या बिया हे तिन्ही मी असे निघालेले पाहिलेत. त्या बाळाचं निदान त्या एका प्रश्नाने झालं, फोटो नंतर आला. ठसका लागल्याची गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी तुम्ही आपण होऊन सांगा.

आता तुमच्या मुलाकडे परत. बुधवारी त्याचे श्वास ४० च्या आत होते, छाती ओढली जात नव्हती, तो पीत होता, असं धरलं तर त्या दिवशी फोटो न काढणं बरोबरच होतं. काढला असता तर बहुधा तो स्वच्छ आला असता आणि "काही नाही" म्हणून तुम्ही शुक्रवारची वाट कदाचित जास्तच निर्धास्तपणे पाहिली असती. सर्दीचा आजार दोन दिवसांत खाली छातीत उतरू शकतो. दोन्ही डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवसाचं मूल बघितलं. पहिल्या डॉक्टरांकडून माझी खरी अपेक्षा एकच, की काय दिसलं तर कधी परत यायचं हे त्यांनी नीट सांगावं. तुमच्या लिहिण्यावरून ते त्यांनी सांगितलं होतं, आणि तुम्ही श्वास जोरात झाल्याचं ओळखून वेळेत गेलात. तुमच्या मुलाला जे वाचवायचं ते तिथेच वाचलं. घरच्यांना हे जरूर वाचून दाखवा.

पुढच्या वेळेसाठी, म्हणजे कोणत्याही खोकल्यात, हे दिसलं तर रात्र असली तरी निघायचं: दूध-पाणी पिणं बंद, प्यायलेलं सगळं उलटणं, झटका, बाळ हाका मारूनही नीट जागं न होणं, छाती आत ओढली जाणं, कण्हणं, शांत असतानाही श्वास आत घेताना घुर्र असा कर्कश आवाज, ओठ निळसर. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर यातलं काहीच नसताना नुसते श्वास ६० किंवा जास्त झाले किंवा अंगावर पिणं कमी झालं तरी थेट हॉस्पिटल. इतक्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, कधी अंग उलट गार पडतं. आणि मेडिकलमधून मागच्या वेळची अँटिबायोटिकची बाटली आणून सुरू करू नका. अर्धवट डोसने आजार झाकला जातो आणि आम्हाला बाळ उशिरा दिसतं.

लसीचं कार्डही एकदा बघा. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूवरची लस, कार्डावर पीसीव्ही, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते. २०२१ पासून ती देशभर सरकारी केंद्रात मोफत मिळते. हिब या दुसऱ्या जिवाणूवरची लस पेंटाव्हॅलंट या पाच-एकत्र लसीमध्येच येते. काही राहिलं असेल तर आता भरून काढता येतं. घरात चूल किंवा विडी-सिगरेटचा धूर असेल तर बाळाला त्यापासून लांब ठेवा. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, चुलीजवळ झोपणाऱ्या बाळांचे श्वास मी सगळ्यात जास्त मोजते.

राहिला महिन्याने काढायचा फोटो. मूल बरं झालंय, खातंय, खेळतंय, श्वास नेहमीचा आहे, आणि आजार पहिल्यांदाच झाला होता, तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते. डाग विरायला काही आठवडे लागतात आणि मूल त्याच्या कितीतरी आधी बरं झालेलं असतं. पण फोटोत फुप्फुसाचा भाग मिटलेला दिसला असेल, डाग अगदी गोल असेल, छातीत पाणी झालं असेल, किंवा खोकला अजून चालू असेल, तर चार ते सहा आठवड्यांनी काढायला हवा. तुम्हाला कोणत्या कारणाने सांगितलाय ते त्या डॉक्टरांना सरळ विचारा, विचारण्यात अपमान नाही. आणि आत्ताचा फोटो फेकू नका. घडी न घालता, तारीख लिहून, लसीच्या कार्डासोबत ठेवा. पुढे कधी कोणी "उजवीकडे डाग आहे" म्हणालं, तर तो त्याच जागी आहे की दुसऱ्या, हे त्या जुन्या फोटोशेजारी धरूनच कळेल.